उजव्या सीटवरचा पंचेचाळिशीचा माणूस

विमान चालवायला शिकण्यासाठी भारतात वयाची वरची मर्यादा नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवता येतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, वैद्यकीय तपासणीत पास व्हायला हवे आणि लॉगबुकात दोनशे तासांचे उड्डाण हवे. मर्यादा आहे ती दुसऱ्या टोकाला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधून उठावेच लागते. पूर्वी बहुतेक देशांत ही रेषा साठीवर होती. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ती पाच वर्षे पुढे नेली आणि त्या पाच वर्षांनी चाळिशीतल्या कितीतरी माणसांच्या मनात एक जुना विषय पुन्हा उघडला.

अशी माणसे मला भेटत गेली. बाणेर-हिंजवडी पट्ट्यातले सॉफ्टवेअरवाले त्यात जास्त, पण एक भूलतज्ज्ञ होत्या, एक फाउंड्री चालवणारे होते, एक विमा कंपनीत वीस वर्षे काढलेले होते. बोलायला बसले की पहिल्या पाच मिनिटांत बालपण निघते. कुणी एनडीएच्या मुलाखतीत बाहेर पडलेला असतो, कुणाला चष्मा लागला म्हणून हवाई दलाचा विचार सोडावा लागलेला असतो. बहुतेकांची गोष्ट त्याहून साधी असते: त्या काळी घरात पैसे नव्हते. आता पैसे आहेत, पण ते मुलांच्या शिक्षणाचे आहेत. खरा पेच इथे आहे, आणि विमान शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेच्या माहितीपत्रकात तो लिहिलेला नसतो.

माहितीपत्रकात असते ती टंचाई. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोने एका दमात ५०० एअरबसची. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय नागरी उड्डाण मंत्र्यांनी सांगितले. आकडे खोटे नाहीत. पण टंचाई नेमकी कुणाची, हे विचारायला हवे. विमान कंपन्यांना हवे असतात ते अनुभवी कॅप्टन; त्यांच्यासाठी परदेशी वैमानिकही आणले जातात. दोनशे तासांचा नवा परवाना हातात घेऊन उभ्या असलेल्यांची टंचाई नाही. नागरी उड्डाणाची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएने २०२२ मध्ये ११६५ आणि २०२३ मध्ये १६२२ सीपीएल दिले. त्यातले अनेकजण पुढे महिनोनमहिने, काही वर्षभराहून अधिक, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसले. जाहिरात आली की तिच्यात वयाची अट असते. कंपन्यांच्या कॅडेट योजना तर बहुधा तिशीच्या आसपासच दार लावून घेतात. शिकायला कायदा अडवत नाही. अडते ते नोकरीच्या दारात.

बाणेरच्या एका गृहस्थांनी मला लॅपटॉपवर आपला तक्ता दाखवला. वय बेचाळीस, पत्नी बँकेत, मुलगी आठवीत. पहिल्या रकान्यात महिने, दुसऱ्यात स्वतःचे वय, तिसऱ्यात मुलीची इयत्ता, चौथ्यात शिल्लक. वैद्यकीय तपासण्या आणि डीजीसीएचे लेखी पेपर यांना आठ महिने. उड्डाणाला दीड वर्ष. मग ए-३२० चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची वेगळी पात्रता, आणि वाट पाहण्याचा काळ मिळून एक वर्ष. म्हणजे पंचेचाळीस संपता संपता फर्स्ट ऑफिसर, सहवैमानिक, उजव्या सीटवर. वर्षाला जास्तीत जास्त हजार तास उडता येते, तेव्हा एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी हव्या असलेल्या परवान्याला, लागणारे दीड हजार तास दोन-अडीच वर्षांत होतात. कंपनीच्या अटी आणि रिकाम्या जागा धरून कॅप्टन व्हायला एक्कावन्न. पासष्टपर्यंत चौदा वर्षे डावी सीट.

तक्ता मी दोनदा वाचला. वर्षांच्या हिशेबात काही चूक नाही. चौदा वर्षांची कॅप्टनकी ही कुठल्याही व्यवसायात भरपूर झाली. वय हे या निर्णयाच्या विरोधातले सर्वांत मोठे कारण आहे असे आपण धरून चालतो, ते तितकेसे खरे नाही. त्या तक्त्यात धोका होता तो ‘वाट पाहणे’ या एका ओळीत. तिथे त्यांनी सहा महिने धरले होते. ते सहाचे अठरा झाले की चौथा रकाना उणे होत होता, आणि मुलगी तेव्हा बारावीत असणार होती.

शिल्लक का संपते ते सांगायला हवे. सीपीएलचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात आणि वर जातो. टाइप रेटिंगचे आणखी काही लाख वेगळे. बँक इतके कर्ज तारणाशिवाय देत नाही, म्हणजे राहते घर कागदावर जाते. तेवीस वर्षांच्या मुलाला हेच कर्ज बाप काढून देतो आणि फेडायला त्याच्यापुढे चाळीस वर्षे असतात. बेचाळिशीच्या माणसाचा बाप ऐंशीकडे झुकलेला असतो. शिवाय चालू पगार थांबतो, तो तोटा कुणी खर्चात धरत नाही. महिना अडीच-तीन लाख मिळवणारा माणूस तीन-साडेतीन वर्षे घरी बसला तर शिकण्याची खरी किंमत एक कोटीच्या पुढे जाते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. हा आकडा एकदा मोठ्याने उच्चारून, घरातल्या सगळ्यांच्या देखत, मग जे हो म्हणतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

आता शिकण्याविषयी, कारण ते खरोखर सुंदर आहे. महाराष्ट्रात ते बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर, जळगाव अशा ठिकाणी चालते. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया आपली मोठी प्रशिक्षण संस्था उभी करते आहे. विदर्भातल्या एका धावपट्टीवर मे महिन्यात गेले तेव्हा पहाटे पाचला मुले हातात चार्ट घेऊन विमानाभोवती फिरत होती. उन्हाळ्यात सगळी धावपळ सकाळी दहाच्या आत. पारा पंचेचाळीसकडे गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, आणि तापलेल्या काळ्या रानावरून उठणारे झोत छोट्या सेसनाला हेलकावे देतात. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की दिवसच्या दिवस विमान हॅंगरमधून निघत नाही. थंडीत धुके. माहितीपत्रकातला ‘एक वर्ष’ हा शब्द या ऋतूंना विचारून लिहिलेला नसतो. त्यात विमान दुरुस्तीला जाणे, प्रशिक्षकाने नोकरी बदलणे, परीक्षकाची तारीख न मिळणे हेही असते.

त्या मुलांत एकजण मुलगा नव्हता. कानशिलावरचे केस पांढरे, गुडघे वाकवून विमानाच्या पोटाखाली इंधनाचा नमुना काढत होता. त्याचा प्रशिक्षक सव्वीस वर्षांचा. दोघेही एकमेकांना ‘सर’ म्हणत होते, आणि दोघेही मनापासून. प्रशिक्षक नंतर मला म्हणाला, “पेपरला ही मोठी माणसं पुढे असतात. हवामान, नेव्हिगेशन त्यांना समजून घ्यायचं असतं, पाठ करायचं नसतं. लॅंडिंगला मात्र वेळ लागतो. अठरा वर्षांचा पोरगा चार वेळा धडपडला की पाचव्यांदा हात आपोआप जातो. सरांना आधी कळतं, मग हात जातो.” डीजीसीएच्या प्रत्येक पेपरला सत्तर टक्के लागतात, आणि वीस वर्षांनी परीक्षेला बसणारी माणसे ते मिळवतात. सर्किट आणि लॅंडिंगच्या तासांत मात्र त्यांची बिले वाढतात.

दोनशे तासांची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. त्यातले शंभर तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन उडायचे असतात, ज्याला पीआयसी म्हणतात. एक लांबचा प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. पाच तास रात्री, त्यात दहा वेळा उडणे आणि दहा वेळा उतरणे. फक्त उपकरणांकडे पाहून दहा तास. इन्स्ट्रुमेंट रेटिंग घ्यायचे तर हे चाळीस तासांवर जाते. पहिल्या सोलोत शेजारची सीट रिकामी झाली की वजन कमी होऊन विमान एकदम लवकर उचलते, आणि तो क्षण वर्णन करताना भूलतज्ज्ञ बाईंचा आवाज बदलला होता. “एवढी वर्षं मी लोकांना झोपवत आले. तिथे मी पूर्ण जागी होते.” त्यांनी पुढे सीपीएल घेतले नाही. खासगी वैमानिकाचा परवाना घेऊन त्या थांबल्या, रुग्णालयात परत गेल्या, आणि सवड मिळेल तेव्हा उडतात. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

शाळा निवडताना एक ताजी गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने देशातल्या प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी जाहीर केली. पस्तीस संस्थांपैकी ‘अ+’ किंवा ‘अ’ श्रेणीत एकही आली नाही. तेरा ‘ब’ मध्ये, बावीस ‘क’ मध्ये. तरुण विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया गेले तर ते भरून निघू शकते. चाळिशीतल्याला ते वर्ष डाव्या सीटच्या चौदा वर्षांतून कापून द्यावे लागते.

उजव्या सीटची गोष्ट त्याहून नाजूक आहे. विमान कंपनीत ज्येष्ठता ठरते ती रुजू झाल्याच्या तारखेवरून. वय, आधीचा हुद्दा, हाताखाली किती माणसे होती, यातले काहीही मोजले जात नाही. सत्तर माणसांची टीम चालवलेला पंचेचाळिशीचा गृहस्थ उजवीकडे बसतो आणि डावीकडचा कॅप्टन तेहतीस वर्षांचा असतो. कॉकपिटमध्ये नेमके कोण काय बोलते यावर माणसे जगतात किंवा मरतात. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसे गेली. धुक्यात केएलएमच्या विमानाने परवानगी नसताना धाव घेतली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले का, अशी शंका कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे बाजूला सारली आणि अत्यंत ज्येष्ठ असलेल्या त्या कॅप्टनला पुन्हा कुणी टोकले नाही. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचा विषय आला: ज्येष्ठाने ऐकून कसे घ्यावे आणि कनिष्ठाने ठामपणे कसे बोलावे.

मला वाटते, प्रौढ वयात येणाऱ्या माणसाची खरी पुंजी इथे आहे आणि खरा धोकाही इथेच. वीस वर्षे नोकरी केलेल्याला वरच्या माणसाला न दुखावता ‘हे चुकतंय’ म्हणता येते. बावीस वर्षांच्या मुलाची जीभ तिथे अडखळते. पण तोच माणूस वीस वर्षे स्वतः वरचा होता. धाकट्या कॅप्टनने सूचना दिली की आतून काहीतरी ताठ होते. एका निवृत्त कॅप्टनांनी, ज्यांनी आयुष्यभर सिम्युलेटरवर परीक्षा घेतल्या, मला सांगितले की उशिरा आलेल्यांत त्यांनी दोनच प्रकार पाहिले: फार चांगले सहवैमानिक, आणि कधीच सहवैमानिक न होऊ शकणारे. मधला प्रकार त्यांना आठवत नव्हता. परीक्षा तर संपतच नाहीत. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून, नेमके उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पाडून, पाहिले जाते. ज्याचे काम दहा वर्षांत कुणी तपासलेले नाही अशा माणसाने याचा विचार घरी शांतपणे करावा.

मग या धंद्याचा स्वभाव. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे बंद केली. मधे कोविडने साऱ्या जगाची विमाने उभी केली. दर वेळी कॅप्टनना कुठे ना कुठे, आखातात किंवा आणखी पूर्वेला, जागा मिळाली. कमी तासांचे सहवैमानिक लटकले. पंचेचाळिशीत रुजू होणारा माणूस पहिली पाच-सहा वर्षे याच लटकणाऱ्या गटात असतो.

रोजचे जगणेही पाहावे. पहाटे दोनला उठून गाडीची वाट पाहणे, ड्यूटीआधी श्वासाची चाचणी देणे, दिवसातून चार लेग, रात्र परगावच्या हॉटेलात. थकव्याबद्दल वैमानिक अनेक वर्षे भांडले, न्यायालयात गेले, तेव्हा नवे नियम आले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या ड्यूटीतली लॅंडिंग सहावरून दोन. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांत बसतील इतके वैमानिक कंपनीने रोस्टरवर ठेवले नव्हते. विमानतळांवर अडकलेल्या लोकांचे हाल सगळ्यांनी पाहिले. आधीची वर्षानुवर्षे तेच काम कमी झोपेवर रेटले जात होते, हे त्या गदारोळात फारसे कुणी बोलले नाही. पंचविशीतली रात्र आणि पन्नाशीतली रात्र एकच नसते.

घरच्यांच्या मनात आणखी एक गोष्ट असते. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातात २६० माणसे गेली. बाणेरच्या त्या गृहस्थांच्या आईने तेव्हापासून हा विषय निघाला की खोलीतून उठून जायला सुरुवात केली. पत्नीचे म्हणणे वेगळे होते. “विमान पडेल याची मला भीती नाही. घर एकटीने ओढायचं, सासूबाईंचं दुखणं, पोरीची दहावी, आणि तू गोंदियाला. तुझं स्वप्न आहे, हे मला माहीत आहे. पण माझी पाच वर्षं त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहेत?” तो रकाना खरोखर नव्हता. त्यांनी नंतर तो घातला, आणि निर्णय एक वर्ष पुढे ढकलला.

परदेशातल्या मराठी मंडळींचा प्रश्न थोडा निराळा. अमेरिकेत चाळिशीत वैमानिक होणे बरेच रुळलेले आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून पन्नास जण गेले. त्यानंतरच्या कायद्याने तिथे प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारण दीड हजार तास लागतात. ते तास लोक प्रशिक्षक म्हणून इतरांना शिकवत, पगार घेत भरतात, त्यामुळे मधली वर्षे अगदीच रिकामी जात नाहीत. पण एच-१बी व्हिसावरच्या मराठी अभियंत्याला ती वाट बंद असते: शिकता येते, शिकवून कमावता येत नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत केस पिकतात.

मग माझे मत काय? उडण्याची ओढ आणि वैमानिकाची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाळिशीतल्या बहुतेकांना पहिली हवी असते. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणले, आणि पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन तोच प्रवास पुन्हा केला. उडणे हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन कधीच नव्हते. ‘आयर्न मेडन’चा गायक ब्रूस डिकिन्सन चाळिशी ओलांडल्यावर विमान कंपनीत वैमानिक झाला आणि पुढे कॅप्टन, त्याच्यामागे गाण्याचे उत्पन्न उभे होते. भूलतज्ज्ञ बाईंनी चाळीस तासांत जे मिळवले, त्यासाठी घर गहाण पडले नाही. तो परवाना दुय्यम नाही. त्या परवान्यावर पैसे घेऊन उडता येत नाही, एवढेच. आकाश तेच असते.

ज्यांना मात्र ती नोकरीच हवी आहे, गणवेश, रोस्टर, पहाटेची गाडी आणि धाकट्या कॅप्टनसह, त्यांना मी नाही म्हणणार नाही. कर्जाशिवाय किंवा अर्ध्या कर्जावर निभत असेल, जोडीदाराचा पगार चालू असेल, वाट पाहण्याची दोन वर्षे तक्त्यात धरूनही शिल्लक उरत असेल, तर पंचेचाळीस हे वय उशिराचे नाही. पन्नाशीनंतर सुरुवात करून पगारी नोकरीची आशा धरू नये; तिथे हिशेब बसत नाही, आणि बसतो असे सांगणारी शाळा तुमच्या फीकडे पाहते आहे.

क्रम मात्र पाळा. मला भेटलेल्या एकाने आधी शाळेत अकरा लाख भरले आणि मग सीपीएलला लागणाऱ्या क्लास वन वैद्यकीय तपासणीला गेला. कधी न जाणवलेली हृदयाची एक तक्रार तिथे निघाली, आधी टेम्पररी अनफिट, मग कायमचे. पैशांतले निम्मेही परत आले नाहीत. चष्म्याला आता कुणी घाबरू नये. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची नजर ६/९ असली की चालते. पण चाळिशीत साखर, रक्तदाब, ऐकू येणे, ईसीजी यांपैकी कुठे काय निघेल ते सांगता येत नाही. म्हणून पहिला रुपया कुठल्याही शाळेला देऊ नका. आधी क्लास टू ही प्राथमिक वैद्यकीय तपासणी करा, लगेच क्लास वन करा, ते हातात आल्यावर नोकरी न सोडता घरी बसून लेखी पेपर द्या. पेपर सुटले, घर अजून तुमच्या बाजूने असले, की मग राजीनामा लिहा.